गाल्सेरानचे खिळे

कोन्सोलने दार वाजवलंच नाही. "रेमेईकाकू, आहात ना घरात?" असं विचारता विचारता ती थेट स्वयंपाकघरात येऊन पोचली, आणि ओनोफ्रेच्या हातातला पाव रश्श्याच्या वाडग्यावर तसाच राहिला.

"ही बाई माझ्या घरात काय करतेय?" त्याने बायकोला विचारलं. कोन्सोलशी तो थेट बोलत नसे.

"मी बोलावलंय," रेमेई म्हणाली. "बस गं, ती खुर्ची घे. हिचा एक पाय हलतो."

"पाय माझेही हलतायत, काकू," कोन्सोल म्हणाली आणि बसली.

बेनिसाल्म काही मोठं गाव नव्हे. एक चर्च, एक चौक, भोवती संत्र्यांचे मळे आणि मळ्यांना पाणी देणारे पाट. बँड मात्र दोन. एक जुना बँड आणि एक नवा. नवा म्हणजे नावालाच नवा, त्यालाही शंभरी उलटून गेली आहे. कुठल्याशा मिरवणुकीत पुढे कोणी चालायचं यावरून वाजलं, आणि अर्धी माणसं वाद्यं उचलून बाहेर पडली. तेव्हापासून जुन्यांचा कॉफीचा अड्डा वेगळा, नव्यांचा वेगळा. न्हावी वेगळे. ठरलेली लग्नं मोडली, सख्खे भाऊ शेताच्या बांधावर एकमेकांकडे पाठ करून जेवले. कोन्सोलचं मटणाचं दुकान चौकातच होतं, पण ती नव्या बँडची अध्यक्ष, म्हणून ओनोफ्रेच्या घरात मटण यायचं ते बसने शेजारच्या गावाहून. उन्हाळ्यात ते वाटेतच वास मारायला लागायचं. तरी ते खायचे.

कोन्सोलने पिशवीतून स्वरलिपीचे कागद काढले आणि टेबलावर ठेवले. "सान रोकच्या सणाला चौकात बर्नातचं 'गाल्सेरान' वाजवतोय आम्ही. जायच्या आधी पुरं केलं त्याने. तीन भाग आहेत. पहिल्यात छापखाना, दुसऱ्यात आग, तिसऱ्यात कोठडी."

बर्नात म्हणजे ओनोफ्रे-रेमेईचा एकुलता मुलगा. कर्करोगाने गेला त्याला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. आणि गाल्सेरान कोण, हे बेनिसाल्ममध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चारशे वर्षांपूर्वीचा इथला छपाईवाला. त्याने देवाची पुस्तकं लोकांच्या बोलीत छापली, म्हणून धर्मपीठाने त्याला धरून नेलं. पुस्तकं जाळली, छपाईचे शिशाचे अक्षरखिळे वितळवले. कोठडीत तो दिवसभर भिंतीशी बसून रिकाम्या बोटांनी खिळे जुळवत राहायचा म्हणे, ओळीमागून ओळ. पहारेकरी हसायचे. तसाच जुळवता जुळवता मेला. त्याचं घर गावकऱ्यांनीच पेटवलं होतं. पुढे त्याच गल्लीला त्याचं नाव दिलं. गावांना एवढं जमतं.

"कोठडीच्या भागात बोंबार्दिनो एकटं आहे," कोन्सोल म्हणाली. "बाकीचे नुसती साथ करतात. बर्नात सांगून गेलाय की ते बाबांनीच वाजवायचं."

ओनोफ्रेने पाव रश्श्यात सोडून दिला. बोंबार्दिनो हे मांडीवर घेऊन वाजवायचं मोठ्या तोंडाचं पितळी वाद्य. जुन्या बँडमध्ये ते ओनोफ्रेच्या मांडीवर मिसरूड फुटल्यापासून होतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?" आता तो थेट तिच्याशीच बोलला.

"तर ती जागा रिकामी ठेवायची. साथ वाजेल, वर काही नसेल. आमच्याकडे बोंबार्दिनोवाले दोघं आहेत, काका, आणि चांगले आहेत. पण त्याने मला शपथ घातलीय."

"नव्या बँडात जाऊन बसू? माझा बाप उठून येईल थडग्यातून."

"येऊ दे. त्यालाही खुर्ची देऊ," कोन्सोल म्हणाली. "बापाचं राहू द्या हो, काका. मुलाचं बोला."

ओनोफ्रे उठला, टोपी घातली आणि मागच्या दाराने मळ्यात निघून गेला. तो मळ्यांचा पाटकरी होता. कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे त्याच्या हातात. त्या दिवशी पाणी कुणाच्याच पाळीत नव्हतं.

*

जुन्या बँडचा अभिमान हे कारण सांगायला सोयीचं होतं. गावात त्याला वजन होतं आणि ऐकणारा पुढे काही विचारत नसे. खरी गोष्ट वेगळी होती. चार वर्षांपूर्वी ओनोफ्रेचे वरचे दात गेले आणि कवळी आली. पितळी वाद्य ओठांनी वाजतं आणि ओठांना मागून दातांचा आधार लागतो. कवळी लावून वाजवलं की ती हलायची, काढून वाजवलं की ओठ आत बुडायचा. सूर गेला तो गेलाच. शहाण्या माणसाने वाद्य खाली ठेवलं असतं. ओनोफ्रेने ठेवलं नाही. तो सरावाला जायचा, मिरवणुकीत चालायचा, गाल फुगवायचा, बोटं बरोबर कळांवर चालवायचा आणि वाद्याच्या कडेने हवा सोडून द्यायचा. शेजारी मार्सिआलचा ट्युबा गरजत असायचा, त्यात कुणाला काय कळणार? रेमेईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

आणि याच बँडासाठी त्याने मुलगा तोडला होता. बर्नात संगीत शिकून आला तेव्हा जुन्या बँडला बँडमास्तर हवा होता. याला चड्डीत पाहिलंय, याचं कोण ऐकणार, असं म्हणून समितीने शहरातून माणूस आणला. नव्या बँडने बर्नातला बोलावलं आणि तो गेला. ओनोफ्रेने जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "त्यांचा गणवेश अंगात असेल तर या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही." बर्नातने पाय ठेवला नाही. दोन गल्ल्या सोडून, गाल्सेरान गल्लीत, तो अकरा वर्षं राहिला. रेमेई दर रविवारी भट्टीत भाजलेल्या भाताचं मातीचं भांडं फडक्यात बांधून त्याच्याकडे घेऊन जायची. ओनोफ्रे तेव्हा अड्ड्यावर पत्ते खेळत असायचा.

प्रेतयात्रेत नवा बँड वाजवणार हे कळल्यावर तो पेटीमागून चाललाही नाही. मळ्यातल्या वाटेने एकटा कबरस्तानात गेला आणि बँड परत जाईपर्यंत भिंतीबाहेर उभा राहिला. संध्याकाळी जुन्या बँडच्या दोघा-तिघांनी त्याचा हात दाबून म्हटलं, "कणा आहे बाबा तुला." त्या रात्री त्याला स्वतःची किळस आली होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अड्ड्यावर गेला.

*

रेमेई कधी काही मागणारी बाई नव्हती. त्या आठवड्यात ती मागायला लागली. कपडे वाळत घालताना, बटाटे सोलताना, सारखं एकच.

"मी एकटी चालले त्याच्या पेटीमागून. सगळं गाव बघत होतं. आता तू एकदा चौकात बस."

"नाही जमायचं."

"का नाही? बँड, बँड! बँड तुला मरताना पाणी पाजणार आहे का?"

"रेमेई, मला वाजवता येत नाही."

"हे बघ, कारणं सांगू नकोस."

ओनोफ्रेने कोपऱ्यातली वाद्याची पेटी उघडली. बोंबार्दिनो मांडीवर घेतलं, ओठ फुंकायच्या वाटीला लावले आणि फुंकलं. आधी नुसती हवा आली, मग बेडूक दाबल्यासारखा आवाज, मग पुन्हा हवा. रेमेईला हसू फुटलं. त्याची गंमत चाललीय असं वाटलं तिला. मग तिने त्याचं तोंड पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"कधीपासून?"

"दात गेले तेव्हापासून."

"मग मिरवणुकीत? नाताळात? माझ्या बहिणीच्या पोरीच्या लग्नात?"

"सोंग."

"आणि या सोंगासाठी तू त्याच्या मागून चालला नाहीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ओनोफ्रेला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"जाऊन सांग त्यांना," ती शेवटी म्हणाली. "मी नाही सांगणार. माझं नवऱ्यासाठी खोटं बोलून झालंय. खरं तू बोल."

पण तो लगेच गेला नाही. आशा ही वाईट गोष्ट असते. कागद घेऊन तो रोज दुपारी मळ्यातल्या पंपघरात बसू लागला. पंप चालू ठेवायचा, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही. बर्नातने लिहिलेलं सोपं होतं. उंच उड्या नाहीत, घाई नाही, लांब लांब सूर, एकापुढे एक ठेवलेले. बापाचा आवाज ज्या ठिकाणी सगळ्यात भरदार लागायचा, नेमके तिथलेच सूर पोराने निवडले होते. ते कळलं तेव्हा ओनोफ्रेने वाद्य बाजूला ठेवून पंपघराच्या भिंतीला डोकं टेकलं. मग पुन्हा फुंकायला घेतलं. कधी कवळी लावून, कधी काढून, कधी मागे कापसाची गुंडाळी ठेवून. एखाद्या दुपारी एखादा सूर यायचा, जाडाभरडा का होईना, पण यायचा. दुसऱ्या दिवशी तोच यायचा नाही.

*

नव्या बँडच्या सराव-घराच्या पायऱ्या तो आयुष्यात पहिल्यांदा चढला. आत सूर लावत बसलेल्यांनी वाद्यं खाली घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, वाट चुकलात वाटतं. जुनं दुकान पलीकडे."

"गप रे," कोन्सोल म्हणाली. झांजा तीच वाजवायची.

त्याला खुर्ची दिली. बर्नातच्या जागी आलेला बँडमास्तर फेर्रान मान लववून "या" एवढंच म्हणाला आणि त्याने तिसरा भाग सुरू केला. खालच्या सुरात क्लॅरिनेट आले, ढोलावर बोटांनी हलकी थाप पडू लागली. ओनोफ्रेची जागा आली. त्याने फुंकलं. हवा. पुन्हा फुंकलं. बेडूक. तरुण कॉर्नेटवाल्यांच्या रांगेत कुणीतरी नाकातून हसलं, आणि फेर्रानने हात खाली घेतला.

कोन्सोल त्याला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेली.

"आता कळलं ना?" ओनोफ्रे म्हणाला. "सांगा गावभर. चार वर्षं सोंग करतोय म्हातारा."

"मला आधीच माहीत होतं," कोन्सोल म्हणाली. "बर्नातने सांगितलं होतं."

"त्याला काय माहीत?"

"तुमची मिरवणूक गाल्सेरान गल्लीतून जाते ना? दर वर्षी तो खिडकीच्या पडद्यामागे उभा राहायचा. तुम्ही वर बघायचा नाहीत, म्हणून दिसला नाही. एका वर्षी माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, कोन्सोल, बाबांची बोटं चालतायत पण सूर नाही. एवढ्या वाद्यांत तुला कसं कळलं, असं मी विचारलं. तर म्हणे, लहानपणापासून त्या एकाच आवाजाने झोपलोय."

ओनोफ्रेने पायरीवर हात टेकला आणि खाली बसला. पडदा त्याला आठवत होता. निळ्या पट्ट्यांचा. त्या गल्लीत शिरताना तो मुद्दाम समोरच्या माणसाच्या मानेकडे बघत चालायचा.

"हसला का?"

"नाही. मटणही न घेता गेला. त्यानंतर हे लिहायला घेतलं." ती त्याच्या शेजारी बसली. "काका, तुम्ही नुसते बसा आणि बोटं चालवा. गाल्सेरान तरी दुसरं काय करत होता?"

"म्हणजे माझं सोंग लिहून ठेवलं त्याने? चौकात मांडायला?"

"सोंग की आणखी काय, ते मला नाही कळत. मी मटण विकते."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस, तो जिवंत होता तेव्हा?"

"तुम्ही माझ्याशी बोलत होता का?" कोन्सोल म्हणाली.



*

सान रोकच्या संध्याकाळी चौक भरला. समोर नव्या बँडची माणसं, आणि डावीकडे, आपल्या अड्ड्याबाहेरच्या टेबलांवर, जुन्या बँडची. हे लोक नव्या बँडच्या कार्यक्रमाला कधी यायचे नाहीत. आज ओनोफ्रेला बघायला आले होते. त्याने नव्या बँडचा कोट घातला नव्हता, साधा पांढरा सदरा होता. तरी मंचावर चढताना डावीकडून शिट्टी आलीच.

त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. नुसती बोटं चालवायची नाहीत. चार वर्षं चालवली, ती लोकांपुढे मान राहावा म्हणून. मुलाच्या संगीतात तो लबाडी करणार नव्हता. सूर आला तर आला. बेडूक आला तर बेडूक, हसू दे चौकाला.

पहिल्या भागात छापखाना खडखडला. लाकडी दांड्यांची, पत्र्यांची, जडशीळ दाबाची लय होती ती, आणि लहान पोरंसुद्धा टेबलांवर ठेका धरू लागली. दुसऱ्या भागात आग लागली. मग सगळं निवलं. क्लॅरिनेट आले, ढोलावर बोटं पडू लागली. फेर्रानने ओनोफ्रेकडे पाहिलं.

ओनोफ्रेने पोट भरून श्वास घेतला आणि फुंकलं. ओठ थरथरला, धरला नाही. त्याने वाटी आणखी दाबली. पहिल्या सुराची जागा निघून गेली. दुसऱ्यासाठी पुन्हा श्वास घेतला. बोटं आपल्या जागी बिनचूक जात होती, कळा खाली-वर होत होत्या आणि वाद्यातून नुसता वारा जात होता. बेडूकसुद्धा आला नाही. तिसरा सूर, चौथा. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. कवळी हिरडीत रुतली, तोंडात खारट चव आली. साथ चालू राहिली, ठरल्याप्रमाणे, जणू कुणीतरी वर गातंय. चौकात कुजबुज सुरू झाली. तो थांबला नाही. शेवटचा सूर सगळ्यात लांब होता. तो त्याने पुरा फुंकला, बर्नातने लिहिला होता तेवढा, आणि मग वाद्य खाली घेतलं. एकही सूर आला नव्हता.

टाळ्या पडल्या. त्या बर्नातला होत्या. काहींनी डोळे पुसले, काहीजण ओनोफ्रेकडे बोट दाखवून एकमेकांशी चिडून बोलत होते.

मंचावरून उतरतो तोच मार्सिआलने त्याला मिठी मारली. "शाब्बास रे गड्या! शाब्बास! त्यांच्याच खुर्चीत बसून वाजवलं नाहीस! भर चौकात नाक कापलंस त्यांचं!"

त्याला ओढतच अड्ड्यावर नेलं. सगळे उठून उभे राहिले. टाळ्या वाजवत होते, पाठीवर थापा मारत होते. ज्याने शिट्टी मारली होती त्याने स्वतःची खुर्ची दिली. समोर ब्रँडी घातलेली कॉफी आली. "आम्हाला वाटलं, फितूर झाला म्हातारा," कुणीतरी म्हणालं. "आणि याच्या डोक्यात हे! एक सूर दिला नाही त्यांना!"

ओनोफ्रेने सगळ्यांकडे पाहिलं. ही सगळी त्याची माणसं होती. यांच्याबरोबर तो म्हातारा झाला होता. गप्प बसला असता तर मरेपर्यंत यांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

"मी वाजवत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"वाजवत होतो. जीव तोडून. सूर आला नाही."

दोघे-तिघे हसले. मार्सिआल हसला नाही. त्याचं लक्ष ओनोफ्रेच्या सदऱ्यावर गेलं होतं. हनुवटीखाली रक्ताचे तीन-चार थेंब पडले होते आणि ओठ फाटला होता.

"दात गेल्यापासून येत नाही," ओनोफ्रे म्हणाला. "तुझ्या शेजारी बसून नुसती बोटं हलवतोय मार्सिआल, चार वर्षं. आज तसं केलं नाही. आज पोराचं होतं."

मार्सिआल हळूच खाली बसला.

"लेका," तो म्हणाला, "मला वाटलं माझेच कान गेले. शहरात जाऊन तपासून आलो मी. दोनदा." मग त्याने आपला रुमाल काढून ओनोफ्रेपुढे सरकवला.

ओनोफ्रेने रुमाल ओठाला लावला. थोड्या वेळाने वाद्य काखेत घेऊन तो उठला, तेव्हा त्याला कुणी थांबवलं नाही. चौक रिकामा होत आला होता. नव्या बँडची पोरं खुर्च्यांच्या घड्या घालून गाडीत टाकत होती. मंचासमोरच्या सगळ्या खुर्च्या गेल्या होत्या. पहिल्या रांगेतली एक तेवढी राहिली होती, कारण तिच्यावर रेमेई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"काही आलं नाही," तो म्हणाला.

"मी इथं होते," रेमेई म्हणाली. "मला तुझा श्वास ऐकू येत होता."

"सगळा?"

"सगळा," ती म्हणाली, आणि खुर्ची न्यायला थांबलेल्या पोरासाठी उठून उभी राहिली.